पहिल्या पावसाळ्याचे आकडे

कोल्हापूर, ७ डिसेंबर २०२५

ऋता,

तुझा मेल परवा वाचला. मी मेल आठवड्यातून एकदाच उघडतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. हे कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवतो आहे. टाइप करताना मला नीट सुचत नाही. अकरा वर्षांत तुझं माझ्या नावाने काही आलं नव्हतं, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचलं.

आपल्या आक्काला जाऊन काल महिना झाला. तुला विमान मिळालं नाही याबद्दल तू बरंच लिहिलं आहेस. मनाला लावून घेऊ नकोस. दवाखान्यात मी होतो. तिला फार त्रास झाला नाही आणि शेवटी ती विशेष काही बोलली नाही.

तिची निनाईवाडीची खोली गेल्या रविवारी रिकामी केली. मलकापूरपर्यंत एसटीने गेलो, पुढे स्वप्नालीच्या नवऱ्याची गाडी होती. स्वप्नाली तुला आठवत नसेल. आक्काच्या चौथीच्या वर्गात होती, लग्न गावातच झालं. आक्काने सुरू केलेल्या महिला दूध संस्थेची आता तीच सचिव आहे. सामान फार नव्हतं. एक पलंग, दोन ट्रंका, शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. ते चालू होतं, ते मी इकडे आणलं.

सामान भरताना हंबीरराव आला. पूर्वी गावातली पुरुषांची डेअरी त्याच्याकडे होती. तू आफ्रिकेत, मलावीत, बायकांची दूध केंद्रं काढतेस हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, "त्यास्नी सांगा, आधी पूल बांधा म्हणावं. वढ्यावर पूल झाला म्हणून आमचं गाव सुधारलं. न्हाईतर बाईंचं दूध काय हेलिकॉप्टरनं जाणार हुतं व्हय?"

स्वप्नाली गादी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, पूल काय बायकांनी एकट्यांनी वापरला न्हाई. तुमच्या डेअरीची गाडी बी त्यावरनंच जायची की. मग तुमची का बंद पडली?"

"आमची बंद न्हाई पडली. आमी थांबवली," हंबीरराव म्हणाला आणि गादीचं दुसरं टोक धरलं.

आता तुझ्या कामाचं. तिकडचा पाऊस नोव्हेंबरात सुरू झाल्यापासून तुझ्या केंद्रातल्या बायकांचं दूध पातळ ठरून परत येतं आहे, काहीजणी यायच्या थांबल्या आहेत, आणि तुमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे मार्चअखेर केंद्र बंद होईल, हे समजलं. निनाईवाडीत आक्काने पहिला पावसाळा कसा काढला, ते तिच्या वह्यांत असेल तर पाठव, असं तू म्हणतेस.

पावसात जनावरं नुसतं हिरवं गवत खातात. दूध वाढतं, फॅट उतरते. रोज थोडी वाळली वैरण द्यायला सांग, शक्य असेल तर पेंड. तापल्या पाण्याने कॅन धुवायचे आणि पालथे घालायचे. सकाळ-संध्याकाळचं दूध एकत्र करू नये. हे तुला माहीत असणारच.

वह्या ट्रंकेत आहेत. बघून कळवतो.

दादा


कोल्हापूर, २१ डिसेंबर २०२५

ऋता,

तू पाठवलेला तक्ता आणि तुमच्या ऑफिसचं टिपण मिळालं. आठवड्याची वाट न बघता मी आता रोज मेल बघतो.

वह्या पाहिल्या. २००३ ची वही त्यात दिसत नाही. २००४ पासूनच्या आहेत.

टिपण सावकाश वाचलं. गरीब देश कशाने पुढे जातात याबद्दल तुमच्या लोकांनी मथळे केले आहेत: रस्ते, वीज, शिक्षण, कर्ज, बाजारपेठ, कारभार. प्रत्येकाने आपापला मथळा पहिला ठेवावा म्हणून बैठकीत भांडण होतं, हे तू लिहिलंस तेव्हा मला हंबीररावाची आठवण झाली. मी काही अर्थशास्त्र शिकलेलो नाही. बी.एस्सी. झालो आणि दूध संघाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नमुने तपासले. मला ते सगळेच मथळे खरे वाटतात. पूल नसता तर दूध नासलं असतं. वीज नसती तर थंड झालं नसतं. संघ नसता तर विकलं गेलं नसतं.

एक मात्र सांगतो. मी प्रशिक्षणासाठी वारणानगरला तीन महिने होतो, तेव्हा दर आठवड्याला पाहुण्यांची बस यायची. परदेशचेही लोक असत. कारखाना, डेअरी, शाळा, कॉलेज बघायचे, फोटो काढायचे, जेवून जायचे. एका पाहुण्याने मला विचारलं होतं, हे सगळं उभं करताना सर्वांत वाईट वर्ष कुठलं गेलं? मी नवखा होतो, मला माहीत नव्हतं. सोबतच्या माणसाने सांगितलं, तसं काही वाईट वर्ष गेलं नाही. पाहुण्याने वहीत ते लिहून घेतलं.

तुझ्या तक्त्यात निनाईवाडीची ओळ ठळक अक्षरांत आहे. तिसऱ्या महिन्यात एकही दिवस दूध परत नाही. एक्केचाळीस सभासदांपैकी एकही गळालेली नाही. नव्या केंद्राने तिसऱ्या महिन्यात या ओळीच्या निदान जवळ यावं, नाहीतर पैसा दुसरीकडे वळवावा, असा नियम निनाईवाडीवरच्या तुझ्या अहवालावरून झाला, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं अहवाल म्हणजे वाचून ठेवायची वस्तू.

ही ओळ बदलता येत नाही का? एकाच गावाच्या आकड्यांवर एवढं ठरवू नये असं मला वाटतं.

आणखी एक. २०१४ मध्ये त्या अहवालाच्या प्रकाशनाला, इथे कोल्हापुरात, तू माइकवर माझं नाव घेतलंस आणि मी उठून बाहेर गेलो. तू मागे आलीस, विचारलंस, तेव्हा मी म्हणालो की तू लिहिलंस त्यात काही अर्थ नाही. ते तुझ्या कामाबद्दल नव्हतं. त्याबद्दल कधीतरी लिहीन.

थंडी आहे. उसाच्या ट्रॉल्यांमुळे पंचगंगा पुलावर रोज गाड्या अडकतात. बाकी ठीक.

दादा


कोल्हापूर, ११ जानेवारी २०२६

ऋता,

तुझं शुक्रवारचं पत्र चार वेळा वाचलं. केंद्रातला तपासणारा माणूस पंधरा दिवस दुधाचे आकडे थोडे वाढवून लिहीत होता, तुझ्या लक्षात आलं आणि त्याच दिवशी तू त्याला काढून टाकलंस. तू लिहितेस, "बायकांची दया आली म्हणून केलं म्हणतो. दादा, तुझ्यासारखा एक माणूस इथे असता तर ही वेळ आली नसती."

त्याचं नाव तू लिहिलेलं नाहीस.

माझ्यासारखाच माणूस तिथे होता. २००३ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंतचे निनाईवाडीचे आकडे खोटे आहेत. ते मी लिहिले. वही हरवलेली नाही, ती माझ्या टेबलावर आहे.

आता क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही.

संस्था अक्षय्यतृतीयेला, शाळेच्या व्हरांड्यात, सुरू झाली. एक्केचाळीस बायका, बहुतेक आक्काच्या विद्यार्थिनींच्या आया. संस्थेकडे स्वतःचं तपासणीचं यंत्र नव्हतं. सगळ्यांचं दूध एकत्र होऊन कॅनमधून कोल्हापूरला यायचं, मलकापूर मार्गाचे नमुने माझ्याकडे असायचे. मी जी फॅट लिहीन तिच्यावर सगळ्यांना सारखा दर. म्हशीच्या दुधाला सहा टक्के लागत. नव्या संस्थेचं दूध महिन्यात तीनदा त्याखाली आलं की संघाची गाडी बंद. गाडी निनाईवाडीला वाकडी वाट करून जायची, ती बंद करायला संघात लोक टपलेलेच होते.

जूनच्या शेवटी एक दिवस पाच पॉइंट नऊ आलं. मी सहा लिहिलं. एवढा फरक डोळ्यांचाही असू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या आठवड्यात पाच-आठ आलं. मला वाटलं, पाऊस उतरला की फॅट आपोआप चढेल आणि मग मी खरं लिहायला लागेन. ती चढली नाही. जुलैत पाच-सहा, मग पाच-चार. मी सहा-एक लिहीत राहिलो. उतरत का चालली आहे हे मला कळत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी आक्का प्रयोगशाळेत आली. तिने मलकापूरच्या हायस्कूलमधल्या एका सरांकडून हाताने फिरवायचं जुनं यंत्र मागून आणलं होतं, त्यावर तिचे आकडे माझ्या पावतीशी जुळत नव्हते. आपलंच चुकतं आहे असं तिला वाटलं. म्हणून नमुन्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून, एसटीने आणली होती.

"दत्तू, हे माझ्यासमोर तपास. माझं कुठं चुकतंय ते बघते."

मी तपासलं. त्या तपासणीत काचेच्या नळीच्या मानेवर रेघा असतात, चरबीचा पिवळा थर किती रेघांत बसतो ते वाचायचं असतं. मी नळी उजेडाकडे धरली आणि म्हणालो, "सहा पॉइंट एक." सवयीने तोंडातून आलं.

"इकडे दे."

दिली. तिने चष्मा वर केला, नळी डोळ्यांजवळ नेली.

"पाच आणि वर एक रेघ. दत्तू, मी चौथीच्या पोरांना पट्टी वाचायला शिकवते."

मी नळी परत घेऊन फडक्याने पुसली.

"कधीपासून?"

"जूनपासून."

"माझ्यासाठी केलंस?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

तिने डबा बंद केला. मी चहा सांगितला होता, तो यायच्या आत ती स्टँडवर गेली.

त्यानंतर काय झालं ते तिने मला वर्षभराने सांगितलं. त्या वर्षात ती माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या व्हरांड्यात बायकांना बोलावून सांगितलं की आपल्या पावत्या खोट्या आहेत. तिला वाटलं बायका हादरतील. बायनाबाई म्हणून एक पुढे बसली होती. ती म्हणाली, "अगं बया! बाई, म्हंजे तुमास्नीच ठावं न्हवतं व्हय? आमी म्हटलं भाऊ हाय तिकडं, तुमीच लावून दिलंया. दाट घाला, पातळ घाला, पावती आपली सहा-एक. मग पावसाळ्यात पाणी काय महाग हाय व्हय?"

सगळ्या हसल्या. आक्का हसली नाही.

मी त्यांचं भलं करायला गेलो आणि माझ्या आकड्याने त्यांना पाणी घालायला शिकवलं. त्यांनी गंमत म्हणून घातलं नाही. जिने पेंड आणली तिला आणि जिने घागर ओतली तिला एकच दर मिळत होता, मग पेंड कशाला आणायची? हे मला प्रयोगशाळेत बसून तीन महिने कळलं नाही. मी नळीच्या आतलंच बघत होतो.

आक्काने संकलन एकोणीस दिवस बंद ठेवलं. माझी नोकरी जाईल म्हणून तिने संघाला कळवलं की शाळेचं छप्पर गळतं आहे. तिने दुसरं काही खोटं लिहिलेलं मला माहीत नाही. त्या एकोणीस दिवसांत तिने व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने नळी काढली, पुरुषभर उंच, आणि बायकांना दशांश वाचायला शिकवलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा प्रत्येकीचं दूध वेगळं तपासायचं, सगळ्यांसमोर. नळी जिची तिने वाचायची, मोठ्याने. शेजारणीने पडताळायची. आणि तपासून उरलेलं दूध जिचं तिच्या भांड्यात परत ओतायचं. हंबीररावाच्या डेअरीत त्या दुधाचा संचालकांना चहा व्हायचा. वाटीभर दूध, पण ते परत मिळतं हे बघायला शेजारच्या वाडीतल्या बायका येऊन उभ्या राहायच्या.

एक्केचाळीसपैकी तेवीस परत आल्या. अठरा आल्या नाहीत. सुरुवातीला पातळ दूध व्हरांड्यातूनच रोज परत जात होतं आणि ते नेऊन बायका घरी दही लावत होत्या. होळीपर्यंत सहाच्या वर स्थिर झालं. पुन्हा सुरू झाल्यापासूनचे आकडे खरे आहेत. तू अहवालात त्या व्हरांड्याबद्दल जे लिहिलंस तेही खरं आहे. फक्त ते कशामुळे करावं लागलं हे त्यात नाही, आणि पहिला तक्ता खोटा आहे.

२०१० मध्ये तू अहवालासाठी माझ्याकडे नोंदींची प्रत मागितलीस. मी सुवाच्य अक्षरात करून दिली. बंद होते त्या एकोणीस दिवसांतही आकडे भरले, कारण रिकामी जागा दिसली असती तर तू विचारलं असतंस. संघाच्या त्या वर्षीच्या यादीत सभासद एक्केचाळीसच होत्या, अठराजणींची नावं मी कमी केलेली नव्हती. तू आक्काला पहिल्या पावसाळ्याबद्दल विचारलंस तेव्हा ती म्हणाली होती, "ते दत्तूला विचार." तू माझ्याकडे आलीस आणि मी तुला ती प्रत दिली. आक्का मला म्हणाली, "सांगायचं ते तूच सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल."

प्रकाशनाच्या दिवशी तू माइकवर म्हणालीस, माझ्या दादाच्या काटेकोर नोंदींशिवाय हे झालं नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बसवेना. बाहेर तुला खरं सांगण्याऐवजी मी जे बोललो ते तुला ठाऊक आहे. आक्काला स्कूटरवरून स्टँडवर सोडताना ती मागून म्हणाली, "आता तरी सांग." मी म्हणालो, "सांगतो."

पहिल्या पत्रात मी लिहिलं की शेवटी ती काही बोलली नाही. ते खरं नाही. जायच्या चार दिवस आधी ती शुद्धीवर होती. मी मोसंबीचा रस देत होतो. तिने विचारलं, "ऋताला सांगितलंस?"

मी हो म्हणालो.

तिने "बरं केलंस" म्हटलं आणि रस प्यायली.

सोबत एका पानाचं निवेदन जोडलं आहे. त्यावर माझं नाव, तेव्हाचा हुद्दा आणि सही आहे. ते तुझ्या ऑफिसला द्यायचं की नाही हे मी ठरवत नाही. दिलंस तर तुझ्या अहवालाचं आणि तुझ्या नावाचं काय होईल हे मला समजतं. नाही दिलंस तर त्या बायकांचं केंद्र एका न घडलेल्या पावसाळ्याशी तुलना करून बंद होईल. संघाला एक प्रत मी उद्या देतो आहे, ती माझी बाब आहे. निवृत्त होताना त्यांनी मला सचोटीबद्दल शाल दिली होती.

त्या माणसाला काढलंस ते चुकलं असं मी म्हणत नाही.

दादा


कोल्हापूर, २२ फेब्रुवारी २०२६

ऋता,

पाच आठवडे काही आलं नाही. मी असं धरून चाललो होतो की आता येणार नाही.

परवा तुझ्या पाच ओळी आल्या. निवेदन ऑफिसला दिलंस. अहवाल मागे घेतलास. पुढच्या वर्षी तुझ्याकडे हे काम राहील की नाही सांगता येत नाही. तक्त्यातली ती ओळ काढली आणि केंद्राला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत मिळाली. माझ्याबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस. ते ठीक आहे.

संघातून मला फोन आला होता. तिथला अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा आहे. म्हणाला, "काका, बावीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरताय? आम्ही तेव्हा शाळेत होतो." मी म्हणालो, फाइलला लावा.

तुझी पाचवी ओळ प्रश्नाची होती. ज्या अठराजणी परत आल्या नाहीत त्यांचं काय झालं?

मला माहीत नव्हतं. आक्काने सांगितल्यापासून इतकी वर्षं मी हा आकडा डोक्यात ठेवला, पण त्यातली एकही बाई मला नावाने ठाऊक नव्हती. म्हणून काल निनाईवाडीला गेलो.

स्वप्नालीने बोटांवर मोजत सांगितलं. सहाजणी वारल्या. चार हंबीररावाच्या डेअरीला गेल्या, ती बंद पडल्यावर त्यांनी म्हशी विकल्या. पाचजणी मुलांकडे पुण्या-मुंबईला. दोघी बऱ्याच वर्षांनी, सुनांच्या नावाने, परत संस्थेत आल्या. राहिली एक. तानूबाई. वाडीच्या शेवटाला घर.

"ती अजून म्हस पाळतीया मामा," स्वप्नाली वाटेत म्हणाली, "पर कुठल्याच डेअरीला दूध घालत न्हाई. तूप करून मलकापूरच्या बाजारात नेती. मी सचिव झाल्यावर तीनदा बोलवायला गेले. का येत न्हाई ते सांगत बी न्हाई."

तानूबाई पंच्याहत्तरच्या पुढची असेल. गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन आली.

"पावणं कोण म्हणायचं?"

"बाईंचा भाऊ," स्वप्नालीने सांगितलं.

"बाईंचा? मग बसा की. बाई गेल्या, कळलं मला. चांगली बाई हुती." मग म्हणाली, "पर माझ्यापुरती एक गोष्ट चुकली बाईची."

मी विचारलं, काय?

"व्हरांड्यात सगळ्यास्नी बोलवलं आन् म्हणाली, आपण सगळ्यांनी पाणी घातलं, आता सगळ्यांनी मिळून सुधारू. सगळ्यांनी! मी न्हवतं घातलं. माझ्या दुधाला बोटभर साय याची. सगळ्या हसत हुत्या, त्यात मी काय उठून सांगू, मी न्हवं म्हणून? ही तेवढी एकटी शानी, म्हटलं आसतं. गप घरला आले."

स्वप्नाली माझ्याकडे बघत होती. तिला हे नवीन होतं. आक्कालाही माहीत नसणार.

मी सांगितलं की त्या पावत्या मी लिहीत होतो, आणि खोट्या लिहीत होतो. पातळ दुधाला जो दर, तोच तिच्या दुधाला, तो माझ्यामुळे होता. तिने मला नीट निरखून पाहिलं.

"तुमी व्हय?"

"हो."

"नोकरी गेली न्हाई तुमची?"

"नाही."

"माझी डेअरी गेली की."

ती रागावलेली नव्हती. हिशेबाची एखादी बाजू राहिली होती ती सांगावी, तसं बोलली. पुढे तिनेच विचारलं, "मग तवाच का न्हाई आलासा? त्या हप्त्यात आला आसतासा, बायकांच्यात बसून हेच बोलला आसतासा, तर मी गेले आसते परत. माझं काय बाईशी वैर न्हवतं."

नोकरीची भीती होती, हे मी म्हणालो. ती म्हणाली, "आसती भीती. बायकांस्नी न्हवती व्हय?"

निघताना स्वप्नालीने विचारलं, उद्यापासून दूध घालता का, नळी तुमची तुम्ही वाचायची. तानूबाई म्हणाली, आता डोळ्यांना दिसत नाही, आणि तूपच बरं पडतं. एवढ्यावर आम्ही उठलो.

ऋता, देश पुढे कशाने जातात हे तुमच्या बैठकीत ठरेल. पूल लागतो, वीज लागते, दशांश वाचता यावे लागतात, यात मला शंका नाही. पण सगळ्यांत चांगलं दूध घालणारी बाई माझ्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात बाहेर गेली आणि बावीस वर्षं बाहेर राहिली. ती कुठल्याच तक्त्यात आली नाही.

तुझ्या केंद्रातून ज्या यायच्या थांबल्या आहेत त्यांत अशी एखादी असेल. ती बैठकीत बोलणार नाही. तिच्या घरी जावं लागेल. ज्या माणसाला तू काढून टाकलंस तो त्याच भागात राहत असेल तर त्याला सोबत घे. कामावर परत घेऊ नकोस, पण त्याने काय लिहिलं आणि का लिहिलं हे त्याचं त्याला बायकांसमोर बोलू दे. तो घाबरेल. तरी ने.

तुमचा पाऊस आणखी महिनाभर आहे ना? मग तो संपायची वाट बघू नकोस. याच आठवड्यात जा.

दादा